तुरुंगाच्या भरवशावर गाव

गेल्या महिन्यात आमच्या एका शाखेचे पत्र आले. शाखेचे नाव आम्ही मुद्दाम लिहीत नाही. पत्रात लाजण्यासारखे काही नाही, पण उगाच कोणी त्या मंडळींकडे बोट दाखवू नये. गाव लहान, जंक्शन मात्र एकेकाळी मोठे. वाफेची इंजिने गेली तेव्हा शेड गेले, मीटरगेज उखडले तेव्हा यार्ड गेले, मागाहून आरएमएसचे सॉर्टिंगही हलले. क्वार्टरांच्या दोन ओळी कुलपे लावून उभ्या आहेत आणि भिंतींतून पिंपळ वर आले आहेत. त्या तालुक्यात सरकार मोठे कारागृह बांधण्यासाठी जागा पाहत आहे अशी बातमी उठली. लगेच शाखेने सभा घेऊन ठराव केला की कारागृह आमच्याच गावाला मिळावे आणि फेडरेशनने त्यासाठी वरपर्यंत वजन खर्ची घालावे. ठरावाखाली शाखा सेक्रेटरींनी स्वतःच्या हाताने एक ओळ लिहिली आहे: "दादा, तुरुंग तर तुरुंग, पण पोरांना नोकऱ्या लागतील."

या ओळीला हसणे सोपे आहे. आम्ही हसलो नाही. ज्या गावाचा भोंगा बंद झाला त्या गावात सकाळी उठून जायला जागाच राहत नाही, हे रेल्वेच्या माणसाला सांगावे लागत नाही. तेव्हा होय किंवा नाही असे एका ओळीचे उत्तर पाठवण्याऐवजी हा विषय सर्व सभासदांपुढे मांडावा असे आम्हाला वाटले. कारण तुरुंग आणून गाव जगवण्याचा हा प्रयोग एका देशाने चाळीस वर्षे, आणि फार मोठ्या प्रमाणावर, करून पाहिला आहे. तो देश अमेरिका. त्या प्रयोगाचा हिशेब आता पुरता समोर आला आहे.

१९७० च्या सुमारास अमेरिकेत राज्यांच्या व केंद्राच्या तुरुंगांत मिळून सुमारे २ लाख कैदी होते. २००९ मध्ये ते १६ लाखांवर गेले. स्थानिक कोठड्यांतली माणसे धरली तर आकडा २३ लाखांच्या आसपास भरत होता. लोक एकाएकी आठपट गुन्हेगार झाले असे कोणी समजू नये. कायदे बदलले. न्यूयॉर्क राज्याने १९७३ मध्ये अमली पदार्थांच्या गुन्ह्यांना जबर शिक्षा लावल्या. कॅलिफोर्नियाने १९९४ मध्ये तिसऱ्या गुन्ह्याला २५ वर्षे ते जन्मठेप असा कायदा केला. त्याच वर्षी केंद्राने जास्त काळ कैदेत ठेवणाऱ्या राज्यांना तुरुंग बांधायला पैसे देऊ केले. माणसे शहरांतून पकडली गेली आणि त्यांना ठेवण्याच्या इमारती मात्र खेड्यांत उठल्या, कारण जमीन तिथे स्वस्त होती आणि विरोध करण्याची ताकद तिथे उरली नव्हती. खाणी बंद पडत होत्या, लाकडाच्या गिरण्या बंद पडत होत्या, लहान शेतकरी कर्जात बुडत होता. अमेरिकेच्या शेतकी खात्यातील लोकसंख्येचे अभ्यासक कॅल्विन बील यांनी मोजदाद केली होती. १९६० आणि ७० च्या दशकांत ग्रामीण भागात वर्षाला सरासरी ४ नवे तुरुंग होत. १९८० च्या दशकात ते १६ झाले. १९९० च्या दशकात एकंदर २४५ तुरुंग ग्रामीण भागात उघडले, म्हणजे दर पंधरा दिवसांनी एक. पूर्वी गावाजवळ तुरुंग येणार म्हटले की लोक मोर्चा नेत. आता नगरपालिका फुकट जमीन, पाणी आणि गटारे देऊ करून रांगेत उभ्या राहू लागल्या.

एक गाव जरा जवळून पाहू. कॅलिफोर्नियाच्या ईशान्य कोपऱ्यात डोंगरांच्या पायथ्याशी सुसानविल नावाचे गाव आहे. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात सदर्न पॅसिफिक कंपनीने तिथे फाटा नेला आणि पाइनच्या जंगलातले लाकूड बाहेर पडू लागले. दक्षिणेतल्या संत्र्यांच्या बागांना लागणाऱ्या खोक्यांच्या फळ्या इथे कापल्या जात. गाव लाकडावर आणि लोहमार्गावर उभे राहिले. मग लाकूड ट्रकवर गेले आणि १९७८ मध्ये तो फाटा सोडून देण्यात आला. आज त्या मार्गाचे रूळ निघाले आहेत आणि बोगद्यांतून हौशी लोक सायकली चालवतात. स्टेशनाच्या इमारतीत आता पाहुण्यांना माहिती देतात. आपल्या किती फाट्यांच्या नशिबी हेच आले ते वाचकांना ठाऊक आहे. फरक एवढाच की आपल्याकडे सायकलवाले अजून आलेले नाहीत.

सुसानविलला पहिला तुरुंग १९६३ मध्ये आला. त्यात कैद्यांना जंगलातला वणवा विझवायचे काम शिकवीत. तो एक होता तोवर गावाचा एक उद्योग होता. १९९५ मध्ये त्याला लागूनच दुसरा, कडक बंदोबस्ताचा तुरुंग उघडला. २००४ मध्ये गावातली मोठी लाकूड गिरणी बंद पडली. २००७ मध्ये त्याच भागात केंद्र सरकारचा तिसरा तुरुंग सुरू झाला. गिरणीतला मजूर गेला, त्याच्या मुलाने खाकी चढवली. २०२० च्या शिरगणतीत गावाची लोकसंख्या १६,७२८ होती आणि त्यात तारांमागे राहणारे हजारो कैदीही धरलेले होते.

एप्रिल २०२१ मध्ये राज्य सरकारने जाहीर केले की कैद्यांची संख्या घटली आहे, म्हणून १९६३ चा तुरुंग बंद करणार. गाव हादरले. हजारावर नोकऱ्यांचा प्रश्न होता. घरांच्या किमती, शाळेतली पटसंख्या, किराणा दुकानाची उधारी, सगळे त्या एका फाटकाला बांधलेले. गाव कोर्टात गेले. पर्यावरणाच्या कायद्याखाली परिणामांची तपासणी झाली नाही, असा मुद्दा काढला आणि तात्पुरती मनाईही मिळवली. मग २०२२ मध्ये विधिमंडळाने अंदाजपत्रकाबरोबर कायदाच असा केला की तो मुद्दा निकालात निघाला. सप्टेंबर २०२२ मध्ये मनाई उठली आणि जून २०२३ अखेर तुरुंगाला कुलूप लागले. ज्या गावाने रेल्वेचा फाटा जाताना कोर्ट गाठले नव्हते, त्याला तुरुंग वाचवण्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागली. आम्ही त्या लोकांना दोष देत नाही. त्यांच्या जागी आपण असतो तर आपणही वकीलपत्र दिले असते.

आता नोकऱ्यांचे पाहू, कारण शाखेच्या पत्राचा गाभा तोच आहे. कॅलिफोर्नियाच्याच मधल्या खोऱ्यात कॉर्कोरन हे कापसाचे गाव आहे. आपल्या विदर्भ-खानदेशच्या वाचकांना ते ओळखीचे वाटेल, कारण १९३३ मध्ये कापूस वेचणाऱ्या मजुरांनी त्या खोऱ्यात मोठा संप केला होता आणि संपकऱ्यांची सर्वांत मोठी छावणी कॉर्कोरनलाच पडली होती. पुढे यंत्रे आली, वेचणाऱ्यांचे हात रिकामे झाले. १९८८ मध्ये तिथे तुरुंग आला आणि १९९७ मध्ये दुसरा. गावकऱ्यांना वाटले होते की शेतमजुरांची मुले आता पगारदार होतील. तुरुंगाच्या नोकरीला शाळेचा दाखला लागतो, स्वच्छ पोलीस रेकॉर्ड लागतो, परीक्षा लागते आणि राज्यभर चालणारी सेवाज्येष्ठता असते. नवा तुरुंग उघडला की जुन्या तुरुंगांतून बदली मागणारे आधी येतात. आपल्याकडे नवे डिव्हिजन उघडले की काय होते ते आठवा. स्थानिक गँगमनच्या पोराच्या वाट्याला जागा उरतात किती? पगारदार आले, पण पुष्कळांनी घरे केली ती शेजारच्या मोठ्या शहरांत, जिथे चांगल्या शाळा आणि बाजार आहे. ते सकाळी मोटारीने येतात आणि संध्याकाळी परत जातात. गावातला गरीब गरीबच राहिला.

हे एकाच गावाचे दुर्दैव नाही. न्यूयॉर्क राज्याच्या ग्रामीण कौंट्यांचा (कौंटी म्हणजे आपल्याकडच्या लहानशा जिल्ह्यासारखा भाग समजा) २५ वर्षांचा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या कौंट्यांत तुरुंग आले आणि ज्यांत आले नाहीत त्यांच्यात बेकारीत किंवा दरडोई उत्पन्नात म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. पुढच्याच वर्षी ग्रेगरी हुक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ ते १९९४ या काळातील देशभरच्या कौंट्या तपासल्या. त्यांना तुरुंगामुळे रोजगार वाढल्याचा पुरावा मिळाला नाही. उलट, आधीच खंगलेल्या ग्रामीण भागांत तुरुंगाने वाढ रोखून धरली असे दिसले.

असे का व्हावे? आम्ही कोणी अर्थशास्त्री नाही, मॅट्रिकच्या पुढे आमची मजल गेली नाही. पण शेडमध्ये आयुष्य गेल्यामुळे एवढे कळते की कारखाना किंवा रेल्वे जिथे असते तिथे तिच्या अवतीभवती दहा धंदे उभे राहतात. गिरणीला ओंडके लागतात, ते कोणीतरी तोडतो, कोणीतरी वाहतो, कापलेल्या फळ्या कोणीतरी विकतो. जंक्शनला चहावाला लागतो, हमाल लागतो, टांगेवाला लागतो, रात्री दोनला उघडी असलेली खानावळ लागते. तुरुंग काही बनवून बाजारात विकत नाही. त्याचे धान्य, कपडे, औषधे यांची कंत्राटे राजधानीत निघतात आणि माल दूरच्या गोदामातून येतो. तो सरकारी असल्यामुळे घरपट्टी भरत नाही, पण पाणी आणि गटार मात्र गावाचेच वापरतो. त्यात आणखी एक गोष्ट घडते, जी कामगार संघटनेने नीट पाहावी. रस्ता झाडणे, बाग राखणे, सरकारी इमारत रंगवणे ही कामे कैद्यांकडून नाममात्र पैशांत करून घेतली जातात. ज्या कामावर गावातला एखादा गरीब माणूस पगार घेत होता, ते काम गेले. आणि तुरुंगाच्या गावात दुसरा उद्योग काढायला धंदेवाला सहसा धजत नाही, कारण गावाच्या नावाला तो तुरुंग चिकटलेला असतो.

केंटकी राज्यातल्या कोळशाच्या डोंगरात हे अधिकच उघडे पडले. तिथले मार्टिन कौंटी हे गरिबीसाठी नाव झालेले ठिकाण. १९६४ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सन तिथल्या एका झोपडीच्या ओट्यावर जाऊन बसले होते आणि गरिबीविरुद्धच्या आपल्या लढाईची हाक त्यांनी देशभर दिली होती. चाळीस वर्षांनी, २००३ मध्ये, तिथे केंद्र सरकारचा तुरुंग उघडला. जागा जुन्या खाणीची होती. बांधकाम चालू असतानाच जमीन खचू लागली, खर्च फुगला आणि प्रसिद्ध सिंग सिंग तुरुंगाच्या नावावरून लोकांनी त्याला 'सिंक सिंक' म्हणायला सुरुवात केली. सिंक म्हणजे बुडणे. डोंगरी माणसाची चेष्टा अशी कडू असते. त्या कौंटीची गरिबी आजही हटलेली नाही आणि नळाला गढूळ पाणी येते म्हणून लोक अलीकडेपर्यंत ओरडत होते. जवळच्या लेचर कौंटीत आणखी एक केंद्रीय तुरुंग आणण्याचा घाट २००६ पासून चालला आहे. त्यासाठी ५० कोटी डॉलरांच्या घरात पैसा बाजूला ठेवला गेला. २०१९ मध्ये बेत मागे घेतला, २०२२ मध्ये तो पुन्हा काढला, ऑक्टोबर २०२४ मध्ये सरकारने पुन्हा होकार भरला. मध्येच जुलै २०२२ मध्ये त्या भागात मोठा पूर आला, माणसे मेली, घरेच्या घरे वाहून गेली. तिथले काही रहिवासी विचारतात की तुरुंगासाठी एवढा पैसा निघतो, तर तो घरांसाठी का निघत नाही? या प्रश्नाचे उत्तर त्यांना कोणी दिल्याचे आमच्या वाचनात नाही.

माँटाना राज्यातल्या हार्डिन गावाची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण ती ऐकून हसावे की रडावे कळत नाही. सुमारे साडेतीन हजार वस्तीच्या त्या गावात २ कोटी ७० लाख डॉलरांचे रोखे काढून २००७ मध्ये ४६४ खाटांचा तुरुंग बांधला. कैदीच आले नाहीत. दुसऱ्याच वर्षी रोख्यांचे हप्ते थकले. २००९ मध्ये नगर परिषदेने ठराव केला की ग्वांतानामोचे कैदी आमच्याकडे पाठवा. तेही जमले नाही. मग एक मनुष्य मोठ्या सुरक्षा कंपनीचा मालक म्हणून आला, त्याच्या माणसांनी आलिशान मोटारींवर गावाच्या पोलिसांच्या नावाच्या पट्ट्या चिकटवल्या. गावाला तर स्वतःचे पोलीस खातेही नव्हते! चौकशीत निघाले की तो गृहस्थ स्वतःच फसवणुकीच्या गुन्ह्यात शिक्षा भोगून आलेला आहे. रिकामा तुरुंग भरण्यासाठी गाव कुणाचेही पाय धरायला तयार होते.

आतापर्यंत आम्ही भिंतीबाहेरचे बोललो. आतली माणसे कोण? बहुतेक मोठ्या शहरांच्या गरीब वस्त्यांतली, त्यांत काळ्या आणि लॅटिन अमेरिकी वंशाच्या लोकांचे प्रमाण त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने कितीतरी जास्त. तीही कामगारांचीच मुले. न्यूयॉर्क शहरातली आई रात्रभर बसने प्रवास करून कॅनडाच्या सरहद्दीजवळच्या तुरुंगात तासभर मुलाला पाहते आणि पुन्हा रात्रभर परत येते. शिरगणतीत मात्र तो मुलगा तुरुंगाच्या गावाचा रहिवासी ठरतो. मत त्याला नाही, पण त्याच्या डोक्यावर त्या गावाचा प्रतिनिधी वाढतो. आयोवा राज्यातल्या ॲनामोसा गावात एका वॉर्डात सुमारे १,३०० कैदी आणि खरे रहिवासी साठाच्याही आत होते. २००५ मध्ये त्या वॉर्डाचा नगरसेवक दोन मतांवर निवडून आला. न्यूयॉर्क, मेरीलँड, कॅलिफोर्निया अशा काही राज्यांनी २०१० नंतर हा प्रकार कायद्याने बंद केला, ही समाधानाची गोष्ट.

आमच्या टपाल खात्यातल्या बंधू-भगिनींनी एक बाब खास लक्षात घ्यावी. २०११ मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्याने साडेतीन हजारांवर पोस्ट ऑफिसे बंद करण्याच्या विचारासाठी यादीत घातली. त्यांत ग्रामीण कचेऱ्यांचाच भरणा होता. लोक संतापले तेव्हा बंद करण्याऐवजी पुढच्या वर्षी हजारो ठिकाणचे तास कापले. म्हणजे ज्या काळात खेड्यात तुरुंग होता, त्याच काळात खेड्यातले पोस्ट अर्धवेळ झाले. आणि कैद्यांच्या पत्रांचे काय? पेनसिल्व्हानिया राज्याने २०१८ पासून असा नियम केला की घरून आलेले पत्र तुरुंगात जाणारच नाही. पत्राच्या कागदाला अमली पदार्थ लावून पाठवतात, असे कारण सांगितले. ते फ्लोरिडातल्या एका खाजगी कंपनीकडे जाते, तिथे त्याची नक्कल निघते, नक्कल कैद्याला मिळते आणि मूळ पत्र काही दिवसांनी नष्ट करतात. पुढे बऱ्याच ठिकाणी ही पद्धत पसरली. लेकराने काढलेले चित्र, आईच्या हाताचा कागद, हे त्या माणसाच्या हाती पडतच नाही. पोस्टमनने पावसात पाकीट छातीशी धरून पोहोचवले ते कशासाठी, असा प्रश्न आम्हाला पडतो.

गार्ड म्हटले की आमच्या माणसाला अजून गाडीचा गार्डच आठवतो, जरी रेल्वेने २०२२ पासून त्याला ट्रेन मॅनेजर केले असले तरी. तुरुंगातला गार्डही कामगारच आहे आणि त्याचे हाल आम्ही नजरेआड करणार नाही. माणसे कमी, सक्तीचा ओव्हरटाइम, सतत मारामारीची धास्ती. घरी गेल्यावर बायकोमुलांशी तो तुरुंगातल्याच आवाजात बोलू लागतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या तुरुंग कर्मचाऱ्यांनी संघटनेची मंजुरी नसताना संप पुकारला. तिथे सरकारी नोकराला संपाची कायद्याने बंदी आहे. सरकारने सैन्याची राखीव दले तुरुंगांत उतरवली आणि तीन आठवड्यांनी संप मोडला तेव्हा सुमारे २,००० जणांना कामावरून काढले. हे वाचताना मे १९७४ ची आठवण न होणे शक्य नाही. तेव्हा आमच्या वडीलधाऱ्यांना क्वार्टरांतून बाहेर काढले होते, हजारोंना अटक झाली होती. बडतर्फीचे दुःख आम्हाला परके नाही. पण पुढचेही सांगितले पाहिजे. त्या संपाच्या दोनच महिने आधी, डिसेंबर २०२४ मध्ये, त्याच राज्यातल्या एका तुरुंगात बेड्या घातलेल्या कैद्याला कर्मचाऱ्यांनी इतके मारले की तो मेला आणि ते चित्रफितीवर आले. आणि संपकऱ्यांच्या मागण्यांत माणसे भरा, तास कमी करा यांबरोबर कैद्याला एकान्त कोठडीत ठेवण्यावर मर्यादा घालणारा कायदा स्थगित करा, हीही मागणी होती. पहिल्या दोन मागण्यांना आमचा पाठिंबा राहील. तिसरीला आम्ही हात वर करणार नाही.

संघटनेची खरी परीक्षा इथे आहे. इलिनॉय राज्याच्या दक्षिण टोकाला टॅम्स नावाचे सहा-सातशे वस्तीचे गाव. १९९८ मध्ये तिथे सर्वांत कडक तुरुंग उघडला. कैदी दिवसाचे तेवीस तास एकटा, कोठडीत. काही जण वर्षानुवर्षे असे राहिले. कैद्यांच्या आया आणि नातेवाईक तो बंद करा म्हणून लढले. तो बंद होऊ नये म्हणून कोर्टात गेली ती कर्मचाऱ्यांची संघटना. तिचे नाव आमच्या जुन्या सभासदांना माहीत असेल, कारण १९६८ मध्ये मेम्फिस शहरातल्या सफाई कामगारांचा संप तिच्याच झेंड्याखाली झाला आणि त्या संपाला पाठिंबा द्यायला गेलेले मार्टिन ल्यूथर किंग तिथेच गोळी लागून पडले. तीच संघटना ४४ वर्षांनी एकान्त कोठडी वाचवायला उभी राहिली. राज्यपालांनी जानेवारी २०१३ मध्ये टॅम्स बंद केला. कॅलिफोर्नियात तर तुरुंग कर्मचाऱ्यांच्या संघटनेने १९९४ च्या जबर शिक्षेच्या कायद्यालाच पैसा आणि बळ दिले होते. जास्त कैदी म्हणजे जास्त सभासद आणि जास्त वर्गणी, हा हिशेब कोणी उघड बोलून दाखवला नसेल, पण तो होता.

आम्ही असे म्हणत नाही की ती माणसे वाईट होती. सभासदाची नोकरी जात असेल तर संघटना दुसरे काय करणार? पण गिरणी बंद होताना, खाण बंद होताना, फाटा उखडताना जी लढाई द्यायची ती दिली गेली नाही किंवा हरली गेली, आणि मग उरलेल्या एकुलत्या एका नोकरीसाठी संघटनेला दुसऱ्या कामगाराच्या मुलाच्या कोठडीवर पहारा द्यावा लागला. तुरुंग बंद करा म्हणणाऱ्या सरकारांनीही त्या गावांना दुसरे काम दिले नाही. न्यूयॉर्कचे राज्यपाल २०११ मध्ये म्हणाले होते की काहींना नोकरी मिळावी म्हणून दुसऱ्यांना डांबून ठेवता येणार नाही. बोलणे बरोबर आहे. पण त्या नोकऱ्यांच्या बदल्यात काय, हे त्यांच्याकडून वसूल करायला संघटना तयार नव्हती. ती फक्त 'बंद करू नका' म्हणत राहिली. आणि हे चक्र थांबलेलेही नाही. जुलै २०२५ मध्ये तिथल्या केंद्राने बाहेरून आलेल्या लोकांना स्थानबद्ध करण्यासाठी ४५ अब्ज डॉलर मंजूर केले आणि कॅलिफोर्निया सिटीसारख्या वाळवंटी गावातला बंद पडलेला खाजगी तुरुंग पुन्हा भरू लागला. गावांत पुन्हा 'भरती चालू आहे'च्या पाट्या लागल्या आहेत.

आता शाखेच्या ठरावाकडे. आपल्या देशातली गोष्ट अमेरिकेसारखी नाही, हे आम्हाला कबूल आहे. २०२२ अखेर देशातल्या कारागृहांत ५,७३,२२० कैदी होते आणि जागा होती ४,३६,२६६ जणांची. माणसे एकमेकांच्या अंगावर झोपतात, तेव्हा नव्या इमारतींची गरज नाही असे कोण म्हणेल? पण त्याच कैद्यांतले ४,३४,३०२ जण कच्चे कैदी होते. त्यांचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नाही. म्हणजे निकालाची वाट पाहणाऱ्या माणसांनीच देशातली जवळजवळ सगळी जागा भरते. जामिनाचे पैसे नाहीत म्हणून आत राहिलेला तो मजूर, फेरीवाला, शेतगडी आहे. त्याचा खटला वेळेवर चालला तर नव्या तुरुंगाची गरजच पुष्कळ कमी होईल, आणि मग त्या तुरुंगावर पोट ठेवून बसलेल्या आपल्या गावाला खटले रेंगाळावेत असे वाटू लागेल. आपल्या जंक्शनच्या पोरांना त्या जागी नेऊन बसवायला आमचे मन घेत नाही.

म्हणून कार्यकारिणीने ठराव परत पाठवला आहे. कारागृह तिथे यावे किंवा येऊ नये यावर फेडरेशन वजन खर्ची घालणार नाही. ते सरकारने आपल्या गरजेने ठरवावे. मात्र शाखेकडून आम्ही माहिती मागवली आहे: त्या सेक्शनवर ट्रॅकमनच्या मंजूर जागा किती आणि भरलेल्या किती, पॉइंट्समन किती तास ड्युटी करतात, कुलूपबंद क्वार्टर किती, रेल्वेची पडीक जमीन किती एकर, दवाखान्यात डॉक्टर आठवड्यातून किती दिवस येतो, ग्रामीण डाक सेवकांच्या किती जागा रिकाम्या आहेत आणि सॉर्टिंग हलवताना लेखी कारण काय दिले होते. शाखा सेक्रेटरींनी ही यादी १५ दिवसांत सह्यांनिशी पाठवावी. डिव्हिजनच्या पुढच्या बैठकीत ती घेऊन आमच्याबरोबर त्यांनी स्वतः यायचे आहे. येण्याजाण्याचा खर्च फेडरेशन देईल.